चुलीपुढचा उजेड

गेल्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गोष्ट. अमळनेरकडच्या एका गावातलं जुनं घर, आतल्या अंगाला स्वयंपाकघर, चुलीवर पालथं घातलेलं खापर आणि त्यापुढे बसलेली आजलमाय. पुरण भरलेला गोळा तिने तळहातावर घेतला, या हातावरून त्या हातावर फिरवत नेला, तो कोपरापर्यंत पसरला आणि बघता बघता पातळ मांडा अलगद खापरावर जाऊन पडला. पुरणातल्या वेलचीचा वास, तुरीच्या काड्यांचा धूर, माहेरी आलेल्या लेकी दारात दाटीने उभ्या. त्या गर्दीत नातू नवा कॅमेरा घेऊन उकिडवा बसला होता. महिनाभरापूर्वी घेतलेला, दोन लेन्सचा सेट, गळ्यातला पट्टा अजून कडक. तासाभरात त्याने दीडशेक फोटो काढले. संध्याकाळी ते टीव्हीवर लावले तेव्हा आधी सगळे हौसेने बघत होते, मग एकेक जण गप्प होत गेला. आजीचा चेहरा बऱ्यापैकी स्पष्ट, पण हात कुठेच नाहीत. हातांच्या जागी पांढुरका पुसट पट्टा. तेवढ्यात आत्येभावाने खिशातून मोबाईल काढला. त्यातला मांडा स्वच्छ दिसत होता. नातू एवढंच म्हणाला, "फोटू चांगला उना नही भो, कॅमेराच खराब शे."

कॅमेरा खराब नव्हता.

काय झालं होतं ते प्रत्येक फोटोच्या फाईलमध्येच नोंदलेलं होतं. लेन्स १८-५५ (हे फोकल लेंग्थचे मिलिमीटर, आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), ती ५५वर ओढलेली, अ‍ॅपर्चर एफ ५.६ (म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं भोक, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं), आयएसओ, म्हणजे उजेडाबद्दलची संवेदनशीलता, ३२००, आणि शटर, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, १/१० सेकंद. सेकंदाचा दहावा भाग ऐकायला छोटा वाटतो, पण तेवढ्यात मांडा फिरवणारा हात वीतभर सरकतो. चेहरा का वाचला, तर लेन्समध्ये हात स्थिर करणारी सोय होती. निकॉनवाले तिला व्हीआर म्हणतात, कॅननवाले आयएस. ही सोय फोटो काढणाऱ्याच्या हाताची थरथर सांभाळते, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. म्हणून स्थिर बसलेला चेहरा ठीक आला आणि हात वाहून गेले. हा फरक नीट लक्षात घ्यावा, कारण फोटो हलला की नेमकं काय हललं हे त्यावरून कळतं. सगळंच पुसट असेल तर आपला हात, एकच भाग पुसट असेल तर समोरची हालचाल, आणि हलल्याची रेघ कुठेही नसून मागची भिंतच लख्ख दिसत असेल तर फोकस चुकलेला. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि नवा कॅमेरा घेणं हा यातल्या एकाचाही पहिला उपाय नाही.

आता त्याच चुलीपुढे, त्याच बॉडीवर, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावर, एफ १.८ची लेन्स असती तर? ५.६ला १.८ने भागून वर्ग करा, साडेनऊच्या वर उत्तर येतं. म्हणजे जवळजवळ दहापट उजेड. जिथे १/१० लागत होतं तिथे १/१०० मिळालं असतं. आयएसओ ६४००वर नेला असता तर १/२००. मांड्यावरची बोटं मोजता आली असती. फोटोत थोडे दाणे दिसले असते, पण दाणेदार फोटो फोटोच असतो, हललेला फोटो परत मिळवता येत नाही. आत्येभावाच्या मोबाईलने तरी वेगळं काय केलं? त्याच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्सही १.८च्या आसपासची असते, तो एका दमात पाचसात फोटो घेऊन ते एकावर एक बसवतो, आणि भाऊ दोन हातांच्या अंतरावर बसला होता. नातू मात्र आजीच्या मध्ये यायला नको म्हणून लांब बसून झूम करत होता, आणि किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारी लेन्स, झूम केली की उजेड आणखी कमी आत घेते. १८ला तीच लेन्स ३.५ असते, ५५ला ५.६. काउंटरवर ही गोष्ट कुणी सांगत नाही.

काउंटरवर विचारलं जातं ते मेगापिक्सलबद्दल. हा प्रश्न आपल्याकडे इतका रुजलाय की दोन बॉड्या शेजारी ठेवल्या की गिऱ्हाईक आधी तो आकडा बघतं. थोडं गणित करून बघू. आठ बाय बारा इंचांचा फोटो, भिंतीवर लावण्याजोगा, उत्तम छापायला २४०० गुणिले ३६०० ठिपके लागतात, म्हणजे साडेआठ मेगापिक्सल. आज बाजारात मिळणारी जवळपास प्रत्येक साधी बॉडी २४च्या आसपास आहे, दहा वर्षं जुनीसुद्धा. सोनीची ए६००० ही २०१४ची, २४ची. कॅननची १५००डी २०१८ची, २४ची. त्या आकड्यापायी पाचदहा हजार जास्त मोजणं म्हणजे लग्नाला दोनशे माणसं येणार असताना हजार पत्रावळी आणून ठेवणं. तेच पैसे लेन्समध्ये घातले तर फोटोत ढळढळीत दिसतात. तीस हजार खर्चायचे ठरवले असतील तर माझं मत स्पष्ट आहे. वापरलेली बरी बॉडी पंधरा-अठरा हजारांत, एक प्राइम लेन्स आठ-दहा हजारांत, आणि उरलेल्यात चांगलं कार्ड, जादा बॅटरी, धूळ उडवायचा ब्लोअर आणि हवाबंद डबा. सगळे पैसे नव्या बॉडीत घालून "लेन्स पुढच्या दिवाळीला बघू" म्हणणाऱ्यांची ती दिवाळी फार क्वचित उगवते.

प्राइम म्हणजे झूम न होणारी लेन्स. तिचं नाव काढलं की लोक ५० एमएम सुचवतात. स्वस्त आहे, हलकी आहे, मागचं सगळं सुंदर विरघळतं. कॅननची ५० एमएम १.८ एसटीएम २०१५मध्ये आली, १६० ग्रॅमची, खिशात मावते. पण घेण्याआधी तिला घरात नेऊन बघा. आपल्या बजेटमधल्या बॉड्यांचा सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी पट्टी, एपीएस-सी मापाचा, म्हणजे साडेतेवीस मिलिमीटर रुंदीचा, कॅननचा थोडा आणखी लहान. त्यावर ५०ची लेन्स लावून दोन मीटरवरून बघितलं तर जेमतेम ९५ सेंटीमीटर रुंदीचं दृश्य मावतं. एका माणसाचा अर्धा देह. ३५ लावली तर सव्वा मीटरच्या पुढे. २४ लावली तर दोन मीटरच्या आसपास. दहा बाय दहाच्या खोलीत, पाठ भिंतीला टेकवून, समोर झोपाळ्यावर बसलेली तिघं आणि मागे उभं राहिलेलं पोर हवं असेल तर ५० काही कामाची नाही. आणखी मागे सरकायचं तर भिंत फोडावी लागेल. ओट्यावर बसलेल्या एकट्या बाबांचा फोटो, अंगणात ऊन अंगावर घेणारी आजी, शेतात पाठमोरा सालदार, तिथे मात्र तिच्यासारखी दुसरी नाही.

म्हणून लेन्स घेण्याआधी एक प्रयोग करावा, त्याला पैसा लागत नाही. किट लेन्सची झूमची रिंग ३५वर ठेवायची आणि तिच्यावर चिकटपट्टी मारायची. एक दिवस घरात, गल्लीत, बाजारात तसंच काढायचं. दुसऱ्या दिवशी ५०वर चिकटपट्टी. तिसऱ्या दिवशी २४वर. संध्याकाळी बघायचं, कुठल्या दिवशी सारखं मागे सरकावंसं वाटलं आणि कुठल्या दिवशी पुढे. ज्यांच्याकडे आधीच हजारभर फोटो आहेत त्यांना एवढंही करायला नको. कॉम्प्युटरवर त्या फोटोंची माहिती उघडून फोकल लेंग्थ बघत जायचं. पन्नासेक फोटो पाहिले की आपला आकडा समोर येतो. बहुतेकांचा १८ ते ३५च्या दरम्यान निघतो, आणि तरी बहुतेक जण ७०-३०० विकत घेतात.

निकॉनच्या एपीएस-सी बॉडीसाठी ३५ एमएम १.८ जी डीएक्स आहे. २००९पासूनची लेन्स, वापरलेलीसुद्धा भरपूर मिळते, तीस सेंटीमीटरपर्यंत जवळ फोकस करते, म्हणजे ताटातली सांजोरी आणि वाढणारा हात दोन्ही येतात. पहिली आणि एकच लेन्स घ्यायची असेल तर मी बेलाशक हीच घ्यायला सांगेन. कॅननवाल्यांची इथे थोडी अडचण होते. त्यांच्या जुन्या एपीएस-सी बॉड्यांना स्वस्त ३५ १.८ नाही. त्यांनी २४ एमएम २.८ एसटीएम बघावी, चकतीएवढी चपटी, १२५ ग्रॅमची. २.८ म्हणजे ५.६च्या चौपट उजेड, १.८ची सर नाही, पण खोलीत अख्खं कुटुंब मावतं. सोनी घेणाऱ्याला सिग्माची ३० एमएम १.४ मिळते, किंमत जास्त, पण उजेड भरपूर घेते.

फसगत इथेच होते, म्हणून दोन गोष्टी सविस्तर सांगतो. निकॉनच्या जुन्या लेन्सच्या नावात शेवटी 'डी' असतो, ५० एमएम १.८ डी. ती स्वस्तात मिळते म्हणून पोरं घेतात आणि घरी येऊन कळतं की फोकसच होत नाही. लेन्स बिघडलेली नसते. तिच्यात मोटर नसते, ती बॉडीतल्या मोटरवर चालते, आणि डी३००० व डी५०००च्या घराण्यातल्या बॉड्यांमध्ये, म्हणजे डी३४००, डी५६०० वगैरे, ती मोटर नाही. डी९० किंवा डी७२००वर तीच लेन्स झकास चालते. उलटी फसगत एएफ-पी लेन्सची. ती नवी, तिच्यात मोटर आहे, पण डी९०, डी३१००, डी५१००, डी७००० या जुन्या बॉड्या तिला ओळखत नाहीत. एएफ-पीच्या डीएक्स ७०-३००चे तर दोन अवतार आहेत, एकावर व्हीआर लिहिलेलं, एकावर नाही. दिसायला सारख्याच, आणि ३०० एमएमवर व्हीआर नसलेली हातात धरून वापरणं म्हणजे थरथरत्या हाताने सुईत दोरा ओवणं. पैसे देण्याआधी लेन्सवरचं नाव पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचावं. कॅननच्या ईएफ लेन्स त्या मानाने सरळ. त्या अडॅप्टर लावून नव्या आर मालिकेच्या बॉडीवरही फोकससकट चालतात. निकॉनच्या नव्या झेड बॉडीवर मात्र एफटीझेड अडॅप्टर लावला तरी डी लेन्सचा फोकस हातानेच करावा लागतो.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नव्या घडणीचा कॅमेरा घ्यावा, की आरशाचा जुना डीएसएलआर? यावर पोरं तासन्‌तास वाद घालतात. मिररलेसचा डोळ्यावरचा फोकस खरोखर मोठी गोष्ट आहे. १.८वर दोन मीटरवरून ५० एमएमने काढलं तर जेमतेम अकराबारा सेंटीमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो, एक मीटरवरून तर तीन सेंटीमीटरही नाही. नाक स्पष्ट आणि डोळा पुसट असे फोटो डीएसएलआरवर याच कारणाने येतात. त्यावर उपाय म्हणजे फोकसचा एकच ठिपका निवडून तो डोळ्यावर ठेवणं, आणि उजेड पुरेसा असेल तर २.८वर येणं. पण खान्देशात राहणाऱ्याने आणखी एक गोष्ट बघावी. स्वस्त मिररलेसपैकी काहींना डोळा लावायची खिडकीच नसते. निकॉनच्या झेड३०ला नाही, सोनीच्या झेडव्ही-ई१०ला नाही. त्या बॉड्या व्हिडिओसाठी उत्तम आहेत, पण वैशाखातल्या अकराच्या उन्हात मागच्या पडद्यावर आपलाच चेहरा दिसतो, समोरचं काही दिसत नाही. अंदाजाने बटण दाबायचं आणि घरी येऊन बघायचं. ज्याला शेतात, यात्रेत, रस्त्यावर फोटो काढायचेत त्याने व्ह्यूफाइंडर असलेलीच बॉडी घ्यावी. बॅटरीचंही तसंच. डी३५००च्या एका बॅटरीवर १५५० फोटोंचं मानांकन आहे. छोट्या मिररलेस तीनचारशेच्या घरात थकतात. रात्री वीज गेली आणि सकाळी हळदीला निघायचं असलं की हा फरक पुस्तकी राहत नाही.

लांबच्या लेन्सला मी नावं ठेवतोय असं वाटेल. तसं नाही. तिची जागा उन्हात आहे. दत्तजयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. सकाळी नऊच्या स्वच्छ उन्हात एफ ८, आयएसओ २०० ठेवलं तरी शटर १/८०० मिळतं, दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय हवेत थांबतात. तिथे साधी ५५-२५० किंवा ७०-३०० पैसा वसूल करते. तिथेच १.८चा काही उपयोग नाही, उलट आयाळीवर फोकस बसून डोळा पुसट येईल. धूळ मात्र प्रचंड. त्या मैदानात लेन्स बदलू नये. बदलावीच लागली तर वाऱ्याकडे पाठ करून, बॉडीचं तोंड जमिनीकडे धरून, आणि नवी लेन्स आधीच झाकण सैल करून हाताशी ठेवून. सेन्सरवर धुळीचा कण बसला तर तोंडाने फुंकर मारू नये. थुंकीचा बारीकसा थेंब उडतो आणि त्याचा डाग धुळीपेक्षा चिवट असतो. रबरी ब्लोअर दोनअडीचशेत मिळतो.

दुपारी सातपुड्याचे फोटो काढणारे एक तक्रार हमखास करतात, लांबची लेन्स मऊ आहे, कडा येत नाहीत. चोपडा-यावलच्या सपाटीवरून उन्हाळ्यात दुपारी डोंगराकडे बघा, साध्या डोळ्यालाही तो हलताना दिसतो. तापलेल्या जमिनीवरून हवेचे थर उठतात आणि त्यांतून येणारी किरणं वाकतात. तीन लाखांची लेन्स लावली तरी तो डोंगर तसाच थरथरेल. पहाटे, जमीन तापण्याआधी, तीच स्वस्त लेन्स कडा कापून देते.

आपल्या मुलखातल्या दोन पिकांनी कॅमेऱ्याला कोड्यात टाकलंय. कापसाचा ढीग समोर आला की कॅमेरा त्याला राखाडी करतो. त्याचं मोजमाप जगातल्या प्रत्येक दृश्याला मधला करडा धरतं, म्हणून पांढरं असलं की तो उजेड कापतो. एक्स्पोजरचं अधिक-उणे बटण धरून अधिक एकवर न्यावं, कापूस पांढरा होतो. काळी म्हैस आणि पाऊस पडून गेलेली काळी जमीन यांना उलट, उणे एक. केळीच्या बागेत गडबड रंगाची. वर पानांचं छप्पर, त्यातून गाळून आलेला उजेड हिरवा, आणि त्यात उभ्या माणसाचा चेहरा आजाऱ्यासारखा दिसतो. रंग आपोआप सावरणाऱ्या ऑटो व्हाइट बॅलन्सला ते नेहमी पेलत नाही. रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद, घ्यावी आणि नंतर टिंटची पट्टी किरमिजी बाजूला थोडी ढकलावी, किंवा माणसाला बागेच्या कडेला आणावं, जिथे एका बाजूने मोकळं आभाळ आहे. दुसरा उपाय जास्त चांगला.

लग्नाच्या मांडवात फोटोत आडवे काळे-पिवळे पट्टे येतात तेव्हाही सेन्सर गेला म्हणून लोक घाबरतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की ते झोके फोटोत समान वाटले जातात आणि पट्टे बहुतेक वेळा जातात. १/५००ला हमखास दिसतात. बॉडीत अँटी-फ्लिकरची सोय असेल तर चालू करावी.

चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळ फोटोग्राफर केकी मूस यांचं घर आहे, आता संग्रहालय. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ, आणि त्यातला फार मोठा काळ ते त्या घराच्या बाहेर फारसे पडलेच नाहीत. टेबलावर मांडलेल्या साध्यासुध्या वस्तूंतून त्यांनी अख्खी निसर्गदृश्यं उभी केली. टेबलटॉप फोटोग्राफी म्हटलं की आजही त्यांचंच नाव पुढे येतं. हे चित्र समोरचं की टेबलावरचं, असा संभ्रम पडून माणूस त्या भिंतीपुढे उभा राहतो. तिथे गेलं की साधनांबद्दलची आपली भूक जरा शांत होते. चार भिंती, थोड्या वस्तू, आणि उजेड कुठून येतो नि कुठे अडतो यावर वर्षानुवर्षं खिळलेली नजर. कॅमेरा घ्यायला जळगावला किंवा धुळ्याला निघालेल्या प्रत्येकाने वाटेत चाळीसगावला एक दुपार घालवावी असं मला मनापासून वाटतं.

वापरलेला कॅमेरा घेताना भिडेला बळी पडू नये. बॉडी बहुतेकदा लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडून येते, आणि एका सिझनमध्ये ती हजारोंनी फोटो काढते. साध्या बॉडीच्या शटरचं मानांकन एक लाख फोटोंचं, डी७२००सारख्या बॉडीचं दीड लाखाचं. निकॉनच्या मूळ जेपीजी फाईलमध्ये शटर काउंट, म्हणजे आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा, लिहिलेला असतो, ताजा फोटो काढून तिथेच बघता येतो. कॅननमध्ये तो फोटोत सहसा सापडत नाही, केबल जोडून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. विकणाऱ्याने "कमी चाललाय" म्हटलं तर ग्रिपचं रबर आणि बटणांवरची अक्षरं बघावीत. मग पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो एफ १६वर, फोकस मुद्दाम बिघडवून. काळे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ, साफ होते, पण किंमत कमी करून घ्यावी. रेघ किंवा ओरखडा दिसला तर परत फिरावं. लेन्सची दोन्ही झाकणं काढून मागून मोबाईलची टॉर्च मारायची आणि तिरकं बघायचं. एकदोन धूलिकण असतातच, फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, ती घेऊ नये, दुसऱ्या लेन्सशेजारी ठेवू तर अजिबात नये. काचेवर सगळीकडे दुधाळ साय दिसली तर तीही नको. मग विटांच्या भिंतीसमोर सरळ उभं राहून लेन्स पूर्ण उघडी ठेवून एक फोटो, एफ ८वर एक. डावी कड स्पष्ट आणि उजवी पुसट आली तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. एफ १६वर फोटो काढताना कॅमेऱ्याने एरर दाखवला तर अ‍ॅपर्चरची पाती अडकताहेत. चौकशी, चार फोटो, एकदा टॉर्च, एवढ्याला अर्धा तास पुरतो. आणि हे दिवसा करावं.

घरी आणल्यावर खरा शत्रू ऊन आणि ओल. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात चालवायचं तापमान ० ते ४० अंश छापलेलं असतं. भुसावळ-जळगावचा पारा मेमध्ये ४५च्या आसपास जातो, आणि गाडीच्या डिकीतलं तापमान त्याच्याही पुढे. तिथे दुपारभर राहिलेल्या लेन्समधलं वंगण पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं आणि ती चिकटतात. ग्रिपचा गोंद सुटतो. पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून सावलीत ठेवणं एवढंच पुरतं. बुरशीसाठी लोक पावसाळ्याची वाट बघतात, पण आपल्याकडे तिचा आणखी एक रस्ता आहे, तो म्हणजे कूलर. उन्हाळ्यात दाराखिडक्या लावून वाळ्याच्या ताट्यांचा कूलर दिवसरात्र चालतो, खोलीची हवा दमट होते आणि त्याच खोलीच्या कपाटात चामड्याच्या बॅगेत कॅमेरा पडून असतो. त्याला हवाबंद झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा द्यावा, आत सिलिका जेल आणि शेदोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५०च्या दरम्यान हवा. ६०च्या वर गेला की बुरशीला निमंत्रण, ३०च्या खाली गेला तर रबर आणि वंगण सुकतं. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली. ते ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवले की पुन्हा निळे होतात, पण त्यात कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकाच्या कढईत तापवू नयेत. नारिंगी दाणे घेतले तर ती काळजी कमी. आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे कॅमेरा वापरणं. आठवड्याला एकदा तरी बाहेर निघणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा लागत नाही.

त्या नातवाने कॅमेरा विकायला काढला होता. दिवाळीच्या आधी त्याने त्याऐवजी दोन लेन्समधली लांबची विकली आणि त्या पैशांत थोडी भर घालून एक वापरलेली ३५ १.८ घेतली. यंदाच्या आखाजीला तो खापरापाशी पोचला तेव्हा त्याने आधी कॅमेरा काढलाच नाही. चुलीच्या डावीकडच्या खिडकीत तेलाचे डबे, बरण्या आणि गव्हाचं पोतं रचून ठेवलेलं होतं. ते त्याने एकेक करून उचलून पडवीत नेऊन ठेवलं. तेवढ्याने खोलीत उजेड दुप्पट झाला, धुरात एक तिरकी पट्टी उतरली आणि ती बरोबर आजीच्या हातांवर पडली. मग तो तिच्यापासून दीड मीटरवर, खाली बसला. त्या अंतरावरून ३५मध्ये मीटरभर रुंदीचं दृश्य मावतं, म्हणजे चेहरा, दोन्ही कोपरं आणि खापर. एम मोड, म्हणजे सगळे आकडे आपणच ठरवायचे, १.८, १/४००, आयएसओ ६४००. फोकसचा ठिपका चेहऱ्यावर नाही, हातांवर.

"तठे काय ठेयेल व्हतं रे मन्हं?" आजलमायने मान न वळवता विचारलं, आणि मांडा दुसऱ्या हातावर टाकला.